तीनशे बारा शब्दांचे वाटे

माणसाजवळ स्वतःचे शब्द असले की जगात त्याचे कुठेच अडत नाही, असे कोसमटोल्याच्या ढिवरांचे ठाम मत होते, आणि त्यांच्याजवळ तीनशे बारा शब्द होते. सगळे इंग्रजी. प्रत्येकाचा अर्थ, त्याच्या अर्थाचे आणखी दोन-तीन शब्द आणि नमुन्याचे एक वाक्य, असा पक्का माल. फक्त ज्या बुधवारी ते शब्द लागणार होते, त्या बुधवारी त्यांतले चोवीस शब्द अहेरीकडे लग्नाला गेले होते.

ही गोष्ट पंचावन्न सालची. चांदा जिल्ह्याचे सरकार तेव्हा नागपुरात बसत असे. कोसमटोला म्हणजे एका तलावाच्या पाळीला चिकटलेली सव्वीस घरे, मागे जंगल, पुढे धानाच्या बांध्या. बांध्या दुसऱ्यांच्या होत्या, जंगल सरकारचे होते आणि तलाव मालगुजाराचा होता. पण तलावातली मासोळी मात्र आजोबा-पणजोबांपासून ढिवरांची. मोसमातली पहिली मोठी मरळ मालगुजाराच्या घरी पोचवायची, बाकीची सव्वीस घरांनी वाटून घ्यायची, असा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कारण लिहिण्याची कोणाला गरज पडली नव्हती.

मग मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. सरकारचा म्हणजे आपलाच, असे पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटले. दुसऱ्या वर्षी हे वाटणे कमी झाले. तिसऱ्या वर्षी बाजारात बातमी आली की वरोऱ्याकडचा एक ठेकेदार तलावाची मासोळी घ्यायला निघाला आहे, आणि त्याचे जाळे टाकणारे लोकही तो तिकडूनच आणणार आहे. ढिवरांनी आपल्याच पाळीवर बसून दुसऱ्याची जाळी बघायची, एवढाच त्याचा अर्थ होता.

टोल्यातला शिकलेला माणूस मनसाराम. चौथी पास, आणि पुढे गडचिरोलीला इंग्रजीची दोन वर्षे. तिसऱ्या वर्षी बापाने जाळे धरायला परत बोलावले, तेव्हा मनसाराम आणि इंग्रजी या दोघांनाही बरेच वाटले होते. त्याने तलावासाठी तीन अर्ज लिहिले, तिन्ही मराठीत. तिन्ही पोस्टाने गेले आणि एकाचेही उत्तर आले नाही. दरम्यान एक साहेब दौऱ्यावर आला. मद्रासकडचा होता, मराठी येत नव्हते, म्हणून सोबत कचेरीतला एक बाबू होता. मनसारामाने पाळीवर उभे राहून अर्धा तास सगळे सांगितले: आजोबांनी गाळ कसा काढला, पटकीच्या साली सांडवा फुटला तेव्हा आडवे कोण झोपले, मालगुजाराच्या आईने मरताना काय म्हटले. सांगताना त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आले. मग बाबू साहेबाकडे वळला आणि म्हणाला, "दे वॉन्ट फिश, सर."

मनसारामाने शब्द मोजले. चार. त्यातला एक साहेबाच्या मानाचा.

त्या दिवसापासून त्याने ठरवले की पुढच्या साहेबाशी मधल्या माणसाशिवाय बोलायचे.

त्यासाठी लागणारे पुस्तक आपोआपच सापडले होते. मालगुजार नागपूरला गेला तेव्हा सामानाची बैलगाडी उतारावर सरकू नये म्हणून चाकाखाली एक जाड पुस्तक सारले होते. गाडी गेली, पुस्तक राहिले. मॅट्रिकला तीनदा बसलेल्या मालगुजाराच्या पोराचे ते इंग्रजी शब्दांचे पुस्तक. मनसारामाने ते उचलून कुडाला टांगून ठेवले आणि दोन पावसाळ्यांत उधळीने, म्हणजे वाळवीने, ते मागून खात आणले. काढून पाहिले तेव्हा 'ए'पासून 'एफ'पर्यंतचा भाग शाबूत होता. पुढची इंग्रजी उधळीच्या पोटात गेली होती.

भर पावसाळ्यात मनसाराम शब्द पाठ करायला बसला. रोज दहा. 'अबॅन्डन म्हणजे सोडून देणे. फोरसेक, डेझर्ट, लीव्ह. द कॅप्टन डिड नॉट अबॅन्डन द शिप.' जाळे विणताना म्हणायचा, डोंगा ढकलताना म्हणायचा. पोळ्यापर्यंत चाळीस शब्द झाले. नवरात्रापर्यंतही चाळीसच होते. नवे दहा आत शिरले की जुने दहा बाहेर पडत, आणि कोणते पडले हे मोजायला गेले की आणखी दोन पडत. पुस्तकात एक गोष्ट त्याला खटकली. त्यात तलाव नव्हता, पाणी नव्हते. मासोळी नव्हती, कारण असले सोपे शब्द मॅट्रिकच्या पोरांना ठाऊकच असतात. नमुन्याच्या वाक्यांत राजा होता, कप्तान होता, व्यापारी होता, एक आळशी माणूस वरचेवर येत होता. पण 'आम्ही' कुठेच नव्हतो. असू पुढे, उधळीने खाल्लेल्या भागात, अशी त्याने समजूत घातली.

एके दिवशी चूल फुंकता फुंकता त्याची बायको रुखमाबाई म्हणाली, "एवढा माल एकट्याच्या टोपल्यात काऊन भरून राह्यले तुमी? वाटे पाडा ना."

मनसाराम तिच्याकडे बघतच राहिला. टोल्यात वैशाखात तलाव आटला की सगळे मिळून जाळी टाकतात. सगळी मासोळी पाळीवर आणून घरे तितके वाटे पाडतात, विधवेच्या घरचाही एक. मग प्रत्येक घर आपली एकेक खूण देते, कोणी पान, कोणी काडी, कोणी जाळ्याची शिशाची गोळी. आणि जिला दिसत नाही अशी एखादी म्हातारी त्या खुणा चाचपडत वाट्यांवर ठेवत जाते. ज्याच्या वाट्याला जे आले ते त्याचे. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. कोसमटोल्यात आजवर भांडणे पुष्कळ झाली होती, पण वाट्यावरून एकही झाले नव्हते.

मनसारामाने पुस्तकाची पाने मोजली. शाबूत पाने सव्वीस. एका पानावर पुढे सहा आणि मागे सहा, असे बारा शब्द. घरे सव्वीस. ही बातमी कळताच टोल्याचा उरलासुरला संशय गेला. देवाने स्वतः मोजून, उधळीकडून बाकीचे खाववून, हे पुस्तक पाठवले होते.

कार्तिकात पाळीवर पुस्तक फाडले. सव्वीस पाने ओळीने मांडून प्रत्येकावर एकेक दगड ठेवला. सोमाजीच्या डोळ्यांनी अधू झालेल्या आईने खुणा ठेवल्या. पहिले पान विधवा गुणाबाईला गेले. झिंगूच्या वाट्याला 'कलॅमिटी'चे पान आले. वारलूच्या वाट्याला त्याच्यानंतरचे एक आणि त्याला लागून असलेले सोमाजीला. मनसारामाची शिशाची गोळी अगदी शेवटच्या पानावर पडली. शेवटचे पान 'फेल्युअर'पासून सुरू होत होते.

झिंगूला एक शंका होती. साहेब लोकांना एका गोष्टीला चार-चार शब्द कायले लागतात? मनसारामाने त्याला समजावले की शहरातला माणूस मरळीलाही मासाच म्हणतो, वाघुरलाही मासाच म्हणतो, पण ढिवर तसे म्हणतो का? साहेब हे शब्दांच्या बाबतीत ढिवर आहेत. झिंगूला हे पटले. साहेबांबद्दल त्याचे मतही थोडे सुधारले.

कोणाकडे कोणता शब्द आहे हे सर्वांना कळावे म्हणून मनसारामाने मोठ्या कागदावर यादी केली. ती लावायला टोल्यात एकच जागा होती: चावडीची वळचणीखालची भिंत. तिथे पाऊस लागत नाही आणि शेळ्यांचे तोंड पोचत नाही. पण त्या जागी आठवड्यापूर्वीच झाडू नावाचा कोतवाल एक सरकारी कागद चिकटवून गेला होता. दवंडी द्यायला हवी होती, पण ढोलकीचे चामडे उंदरांनी कुरतडले होते, म्हणून त्याने नुसता कागद लावला. मनसारामाने कागदाच्या पहिल्या ओळीवर नजर टाकली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात होती. आजवर असे दहा-बारा कागद लागले होते. कधी गुरांना टोचणी, कधी माणसांना. तमाम लोकांत आपण मोडतो असा त्याला कधी अनुभव नव्हता. त्याने भाताची पेज फासली आणि यादी त्यावर चिकटवली. यादी अगदी त्या कागदाच्या मापाची बसली.

मग तीन महिने कोसमटोला इंग्रजी शिकला. मनसाराम घरोघर फिरून पान वाचून दाखवायचा, उच्चार सांगायचा, अर्थ सांगायचा. त्यापुढे तो शब्द त्या घरचा. दुसऱ्या घरच्या कोणी तो म्हटला तर त्याला हटकत असत. रामाजीच्या सुनेने एकदा विहिरीवर गुणाबाईचा 'अबॅन्डन' नुसताच बोलून पाहिला, तर गुणाबाईने तिला सासूपर्यंत नेले. स्वतः मनसारामाने तीनशे बारा शब्द सगळ्यांना शिकवले आणि शिकवता शिकवता तितकेच विसरला. त्याला त्याचे काही वाटले नाही. वाटे घरोघर पोचले की पाळीवर काही उरत नाही, तसेच हे.

सगळ्यांत हुशार निघाली वारलूची पोरगी कमळा. घरचे बाराच्या बारा शब्द तिने एका पंधरवड्यात घोटून टाकले. इतके की वारलूने आणि त्याच्या बायकोने शिकायचेच सोडून दिले. घरात एक जण खात असला की सगळे जेवले असे होत नाही, हे त्यांना मनसारामाने सांगितले; पण ते म्हणाले, शब्दाचे तसे नसते. तिच्या पानावर पहिलाच शब्द 'कन्सेंट' होता आणि त्याचे वाक्य तिला फार आवडायचे. 'द फादर डिड नॉट गिव्ह हिज कन्सेंट टू द मॅरेज,' असे ती भांडी घासताना मोठ्याने म्हणायची. ओसरीवर तिला बघायला आलेली मंडळी बसलेली असतानाही तिने आतून ते तीनदा म्हटले. अहेरीकडच्या मंडळींना वाटले, पोरगी देवाचे म्हणते. सोयरीक जमली.

माघात, फेब्रुवारी लागल्यावर, कोतवाल झाडू सांगत आला की नवा साहेब येत्या बुधवारी तलावावर येतो आहे. हाही मद्रासकडचा, हाही इंग्रजीवाला, बाबू मात्र तोच. आणि बुधवारीच कमळाचे लग्न अहेरीकडे. नवरीकडची दोन घरे, वारलूचे आणि त्याचा भाऊ दादाजीचे, सोमवारी बैलगाड्यांनी निघणार होती.

मनसाराम वारलूच्या अंगणात जाऊन बसला. लग्न पुढे ढकल असे सांगण्याइतका तो वेडा नव्हता. त्याने एवढेच मागितले की घरातले एक माणूस मागे ठेव. वारलू म्हणाला, ठेवतो, पण शब्द येतात फक्त नवरीला. मग निदान पान तरी ठेव, मनसाराम म्हणाला. पान कमळाच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, आणि पेटीला दोरखंड बांधून झालेले. वारलूने त्याची समजूत काढली. तीनशे बारांत बारा. साहेब नेमका तोच शब्द बोलणार आहे का?

मग मनसाराम कमळालाच विचारायला निघाला, की बाई, ते बारा शब्द मला पुन्हा सांग. पण तोवर ही गोष्ट टोल्यात पसरली होती आणि झिंगू दारात उभा होता.

"आज तिच्या घरचा शब्द नेशीन," झिंगू म्हणाला, "उद्या माह्या वाट्याची मासोळी नेशीन. वाटे कायले पाडले मंग?"

झिंगूचे बरोबर आहे हे मनसारामाला कळत होते. तो घरी आला. सोमवारी बैलगाड्या गेल्या. कमळाने गाडीतून हात केला आणि रडता रडता एक वाक्य म्हटले. कोणते ते घुंगरांत ऐकू आले नाही.

बुधवारी सकाळी चोवीस घरे पाळीवर शब्दांच्या क्रमाने बसली. एका टोकाला गुणाबाई, दुसऱ्या टोकाला मनसाराम आणि रुखमाबाई. सोमाजीच्या अलीकडे दोन घरांची जागा मोकळी ठेवली होती, कारण वाटा घ्यायला माणूस नसला तरी त्याची जागा राखतात. जीप आली. साहेब तरुण होता, गॉगल लावलेला, बोलायला मऊ. त्याने ओळीकडे पाहिले आणि हात जोडले. गेल्या वर्षीच्या साहेबाने हे केले नव्हते. मनसारामाला वाटले, आज काम होते.

बाबू पुढे झाला. मनसारामाने त्याच्याकडे बोट दाखवले, जीपकडे दाखवले, साहेबापुढे हात जोडले आणि मराठीतच सांगितले की आमाले मधात कोनी नको. साहेबाला कळले नाही. तेव्हा ओळीतून रामाजी उठला. त्याचा वाटा 'डी'मधला.

"डिपार्ट," रामाजी बाबूकडे हात करून म्हणाला. "गो. लीव्ह. क्विट. द ट्रेन डिपार्टेड ॲट नून."

साहेब क्षणभर थांबला आणि हसला. मनापासून हसला. मग बाबूला त्याने हलक्या आवाजात काही सांगितले आणि बाबू कान लाल करून दूर मोहाच्या झाडाखाली जाऊन पाठ फिरवून बसला. ओळीतून एक सुस्कारा गेला. तीन महिन्यांत इंग्रजीने केलेले हे पहिले काम होते. शेवटचेही, पण ते अजून कोणाला ठाऊक नव्हते.

साहेब बोलू लागला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. त्याची चूक काही नव्हती. पण वाक्य म्हणजे शब्दांची रांग असते आणि त्या रांगेत टोल्याच्या ओळखीचा एखादाच असायचा. बाकीचे 'जी'पासून पुढचे. मनसाराम कान टवकारून उभा राहिला, वाहत्या पाण्यात मासा पाहत राहतात तसा. एक शब्द चमकला: कॉन्ट्रॅक्ट. त्याने सोमाजीकडे मान हलवली.

सोमाजी उठला. "कॉन्ट्रॅक्ट. ॲग्रीमेंट. बार्गेन. द मर्चंट साइन्ड द कॉन्ट्रॅक्ट विथ अ ट्रेंबलिंग हॅन्ड."

साहेबाने भुवया उंचावल्या. कोणता व्यापारी, कोणाचा हात, असे काहीतरी त्याने विचारले असावे. पण सोमाजीचा शब्द संपला होता. तो खाली बसला. साहेब पुढे बोलला. त्यात 'अबॅन्डन' आले. गुणाबाई काठी टेकत उठली. तिला एकूण दोनच शब्द नीट येत होते, पण हा त्यांतला होता.

"द कॅप्टन," ती म्हणाली, "डिड नॉट अबॅन्डन द शिप."

तिने हे असे म्हटले, की पाळीवरची गुरे राखणारे लोकही वळून बघू लागले. साहेबाने गॉगल काढला. तो तिच्याकडे, मग तलावाकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला. मनसारामाला दिसले की काहीतरी पोचले आहे. काय पोचले हे त्याला कळले नाही. पण साहेबाने हातातली फाईल बंद केली, दोन पावले पुढे आला आणि सगळ्या ओळीला उद्देशून एक छोटा प्रश्न विचारला.

त्यात एकच शब्द मोठा होता. कन्सेंट.

मनसारामाने तो ऐकला. ओळीतल्या सगळ्यांनी ऐकला, कारण तीन महिने वारलूच्या घराच्या आजूबाजूला दुसरे काही ऐकू येत नव्हते. सगळ्यांच्या माना सोमाजीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेकडे वळल्या. तिथे वाळलेले गवत होते.

शब्द आपला आहे, एवढे मनसारामाला ठाऊक होते. टोल्याच्या मालकीचा, पाळीवर दगडाखाली ठेवून मिळालेला. त्याने स्वतः तो कमळाला वाचून दाखवला होता, अर्थ सांगितला होता. तो अर्थ आता बैलगाडीच्या रस्त्याने दोन दिवसांवर एका पेटीत, लुगड्यांच्या खाली होता. त्याला वाक्याची चाल आठवली, कमळाचा आवाज आठवला, राखेने घासायच्या भांड्यांचा आवाजही आठवला. शब्द आठवेनात. 'द फादर', मग काहीतरी, मग 'मॅरेज'. तलावाचा आणि लग्नाचा काय संबंध, हे त्याला जुळेना. आणि आठवले असते तरी दुसऱ्याच्या वाट्याला हात लावणे झाले असते. झिंगू त्याच्याकडेच बघत होता.

साहेबाने पुन्हा विचारले. आणखी सावकाश, आणखी मऊपणे. एखाद्या पोराला उत्तर येत आहे आणि ते द्यायला तो लाजतो आहे, अशा वेळच्या मास्तरासारखे. 

मनसाराम मोहाच्या झाडाकडे वळला.

"बाबूसाहेब, जरा या ना जी इकडे."

बाबू वळलासुद्धा नाही. "मधात कोनी नको म्हनलं ना तुमी," तो म्हणाला. "मी डिपार्ट झालो."

साहेबाने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि तिसऱ्यांदा विचारले. रुखमाबाईने नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसले आणि कुजबुजली, "आपल्या वाट्याचं तं म्हना. काईतरी म्हना."

मनसाराम दोन पावले पुढे झाला. त्याच्या पानावर बारा शब्द होते. अकरा पळाले. उरला तो म्हणाला:

"फेल्युअर. डिफीट. कोलॅप्स. हिज फेल्युअर वॉज ड्यू टू हिज ओन आयडलनेस."

 साहेबाने हळूच मान हलवली, मनसारामाच्या खांद्यावर हात ठेवला, फाईल उघडली आणि तिच्यात दोन ओळी लिहिल्या. लिहिताना त्याचा चेहरा उतरला होता. गॉगल लावून, ओळीला पुन्हा हात जोडून तो जीपमध्ये जाऊन बसला.

बाबू जीपकडे जाता जाता मनसारामाजवळ थांबला. राग त्याच्या पोटात मावत नव्हता आणि आता तो काढायला वेळ होता. त्याने सांगितले की साहेब चांगला माणूस होता. तलाव वरोऱ्याच्या ठेकेदाराला देण्याचे ठरले आहे, पण तुमच्याकडून कोणी आलेच नाही म्हणून ठरले आहे. तुम्ही तलाव सोडून दिला असे कचेरीने धरले आहे. आणि साहेब शेवटी एवढेच विचारत होता, की ठेकेदाराला द्यायला तुमची संमती आहे का.

"नाई म्हनलं असतं तरी थांबवत होते ते," बाबू म्हणाला. "नुसती मान हलवली असती तरी. अन् तुमी काय म्हनलं? आमच्या आळसानं गेलं. लिहून घेतलं ना त्याईनं."

 मनसारामाने विचारले, की कोणी आले नाही म्हणजे? कुठे यायचे होते? कोणी बोलावले होते?

बाबूने त्याच्याकडे असे पाहिले, की मनसारामाला क्षणभर बाबूच बिचारा वाटला.

"चावडीवरचा कागद नाई वाचला का गा? तुमच्या गावासाठी येगळा काढला होता. तीन महिने झाले लावून."

जीप गेली. धूळ बसेपर्यंत चोवीस घरे पाळीवर तशीच क्रमाने बसून होती, कारण उठा असे कोणी म्हटले नव्हते. मग मनसाराम चावडीकडे चालू लागला आणि बाकीचे त्याच्या मागून निघाले.

वळचणीखाली शब्दांची यादी होती. तीन महिन्यांत तिचा एक कोपराही सुटला नव्हता. पेज चांगली होती. रुखमाबाईने गुंडभर पाणी आणून हाताने कागदावर मारले. मनसाराम नखाने कडा उचलत राहिला. दादाजी, वारलू, सोमाजी, एकेक नाव ओले होऊन गळून पडले. 'डी' गेला, 'ई' गेला. शेवटी त्याचे स्वतःचे नाव त्याच्या बोटाला चिकटून राहिले, ते त्याने धोतराला पुसले.

खाली जाहीरनामा होता. शाई थोडी फुटली होती, पण वाचता येत होता. मनसाराम मोठ्याने वाचू लागला आणि कोणालाही अर्थ सांगावा लागला नाही. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजा कोसमटोला येथील ढिवर मंडळींचे तिन्ही अर्ज सरकारास पोचले असून, त्यांचा विचार होऊन, तलावाची मासोळी पूर्वीप्रमाणे त्यांच्याकडेच ठेवण्याचे योजिले आहे.

"अजून हाये काई?" गुणाबाईने विचारले.

होते. आणखी दोन ओळी होत्या. नवीन अर्ज करण्याचे कारण नाही. मंडळींपैकी कोणाही एकाने जानेवारी अखेरपर्यंत कचेरीत येऊन कागदावर अंगठा द्यावा.